आबांचा कुपोला

शिरोली एमआयडीसीत थंडीनं मेलो म्हटलं की कोल्हापुरातले लोक हसतात. जिथं रोज रात्री चौदाशे अंशांवर लोखंडाचं पाणी होतं, तिथं कुडकुडायला काय झालं? पण फाउंड्रीची ऊब शेडच्या आत. फाटकावर असतो पंचगंगेच्या बाजूनं उसातून येणारा वारा, आणि आबा.

आबा आमचे रात्रीचे वॉचमन. पण त्यांना वॉचमन म्हटलेलं चालत नाही. कुपोला भट्टीत कोक, भंगार, चुनखडी असे थर चढवायचे, खालून ब्लोअरचा वारा सोडायचा आणि बिडाचा रस काढायचा, यात त्यांची तीस वर्षं गेली. मग विजेवरची इंडक्शन भट्टी आली, कुपोला भंगारात गेला आणि आबा फाटकावर आले. इंडक्शनला ते भट्टी मानत नाहीत. "जाळ न्हाई, धूर न्हाई, बटन दाबलं की तापलं. गिझर हाय त्यो!"

डिसेंबर लागला की शेकोटीसाठी फाटकाशी ऑइलचं अर्धं कापलेलं बॅरल येतं. बुडाशी भोकं. त्यांना भोकं म्हणायचं नाही, कुपोलाच्या वाऱ्याच्या तोंडांसारखं ट्वियर म्हणायचं. राख म्हणजे स्लॅग. आणि लाकूड टाकायचं नाही, 'चार्ज' करायचं.

माल लोड होईस्तोवर मला कधीकधी रात्रभर थांबावं लागतं. एकदा मी आपला शहाणपणा करून बांधावरचं एक लाकूड आत सारलं. आबांनी ते निखाऱ्यातून उपसून माझ्यापुढं धरलं. टोकाशी पाण्याचे बुडबुडे फसफसत होते.

"सायेब, ह्यातलं पाणी उकळायला निम्मा जाळ गेला. तुमास्नी काय ऱ्हायलं? धूर!"

बरोबर होतं. ओल्या लाकडाची आग आधी स्वतःचंच पाणी वाळवत बसते. आबा दोन लाकडं एकमेकांवर आपटतात. टणटण वाजली तर बाभूळ पास, थप् झाली तर पुढच्या वर्षीच्या ढिगात. प्लायवूड नाही, रंगवलेला पॅटर्न नाही, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. पाचटाचं तर नावच काढायचं नाही: "भडका मोठा, आन् बूड गार. पुढाऱ्यागत."

ओलीची त्यांना एवढी चीड का, ते रस ओतायचं लॅडल पाहिलेल्यालाच कळेल. ओल्या लॅडलमध्ये रस ओतला की पाण्याची क्षणात वाफ होते, वाफ सोळाशे पट फुगते आणि तापलेलं बीड अंगावर उडतं. म्हणून ओतण्याआधी लॅडल तापवून घेतात. आबांच्या डाव्या दंडावर एक डाग आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत, फक्त लाकडं आपटतात.

एवढं सगळं जाणणाऱ्या माणसाच्या शेकोटीला ऊब किती असावी! असतेही. फक्त ती कुणाला मिळत नाही. बॅरलच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभं राहिलं की, "सरका, ट्वियर अडवलं!" दुसऱ्या बाजूला गेलं की धूर. हात पुढं केले की, "अजून लाल हाय. पिवळं हू दे." टेम्पोवाला, हमाल, मी, सगळे चार हातांवर ओळीनं उभे, रांगेत रेशनला उभं राहावं तसे.

हमाल हुशार. ते हळूच आत सटकतात आणि नॉकआऊट झालेल्या कास्टिंगच्या ढिगाशी पाठ करून बसतात. साचा फोडल्यावरही कास्टिंग किती वेळ धगधगत असतं, त्याला ना लाकूड ना फुंकर. आबांना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "उसनी ऊब." पुढं दोन रात्री ते हमालांशी बोलले नाहीत.

परवा पहाटे पाचला टेम्पो भरला. मीही आतूनच आलो होतो, पाठ छान शेकलेली. टेम्पोत चढताना आबांनी हाक मारली, "आता या सायेब, आता बरोबर लागलाय!" खरंच, धुराचा मागमूस नाही, निखारे पिवळेधमक. पण ड्रायव्हरनं गिअर टाकला होता.

आरशात पाहिलं. आबा एकटेच उभे होते, ट्वियर सोडून चार हात लांब, दोन्ही हात काखेत घालून.