भिंत राखली, थिएटर गेलं

मुंबईतल्या चर्चगेटचं इरॉस थिएटर २०२४ साली पुन्हा उघडलं आणि ‘वारसा वाचला’ म्हणून सगळीकडे कौतुक झालं. काय वाचलं? लाल दगडाची दर्शनी बाजू. शोराबजी भेदवारांच्या आराखड्यावरून बांधलेल्या आणि १९३८ साली उघडलेल्या या थिएटरात बाराशेच्या आसपास माणसं एका पडद्यासमोर बसत. आता आत आयमॅक्सचा एक पडदा आहे आणि खुर्च्या तीनशेच्या आसपास. ज्या सभागृहासाठी ती देखणी इमारत बांधली, ते सभागृहच गेलं. धोबीतलावच्या मेट्रोचंही २००६ मध्ये हेच झालं. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने थॉमस लॅम्बसारख्या नामांकित वास्तुविशारदाकडून आराखडा करून घेतलेल्या थिएटरचे सहा पडदे झाले.

युनेस्कोने २०१८ मध्ये दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा ठरवलं. त्यात इरॉस आहे, १९३३ चं रीगलही आहे. मान मोठाच. पण आपण वारसा पाहतो तो फुटपाथवरून. थिएटर आतून पाहायची वास्तू आहे.

मरीन लाइन्सचं लिबर्टी पाहा. फोर्ट-कुलाब्याकडच्या आलिशान थिएटरांत तेव्हा मान इंग्रजी चित्रपटांना होता. हबीब हुसैन यांनी त्याच परिसरात हिंदी चित्रपटासाठी महाल बांधला. बांधकाम स्वातंत्र्याच्या वेळचं, म्हणून नावही लिबर्टी. १९४९ मध्ये मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने पडदा उघडला. आत लाकडी नक्षी, पडद्याच्या दोन्ही बाजूंना गोठलेल्या कारंज्यासारखं प्लास्टरकाम. स्टॉलचं तिकीट काढणाऱ्यालाही ते सगळं बाल्कनीवाल्याइतकंच दिसायचं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात आपल्या भाषेचा सिनेमा अशा जागी बसून पाहणं, ही प्रेक्षकाला दिलेली इज्जत होती. ‘हम आपके हैं कौन’ इथे शंभराहून जास्त आठवडे चालला. आज तिथे रोजचे खेळ नाहीत, अधूनमधून कार्यक्रम होतात.

मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात ‘दिलवाले दुल्हनिया’ १९९५ पासून मुक्काम ठोकून आहे. समोर एसटीचा डेपो, पलीकडे रेल्वे स्टेशन. गाडीला वेळ असलेला माणूस बॅग मांडीवर घेऊन स्वस्तात तीन तास बसतो. अशा माणसाला मॉलमधल्या मल्टिप्लेक्सचं तिकीट परवडेल का, हे त्या तिकिटाचा दर ठरवणाऱ्यांनी एकदा त्यालाच विचारावं.

लोकांनी पाठ फिरवली म्हणून थिएटरं पडली, असं सांगतात. ते अर्धंच खरं. व्हिडिओ आणि केबलने प्रेक्षक घरी बसवला, हे मान्य. पण त्याच पडत्या काळात, २००१ साली, राज्य सरकारने नव्या मल्टिप्लेक्सना करमणूक करात काही वर्षांची सवलत दिली आणि जुन्या एकपडदा थिएटरांकडून कर वसूल करणं चालू ठेवलं. एकाचे पाय बांधायचे, दुसऱ्याला घोडा द्यायचा आणि मग शर्यतीचा निकाल बाजाराने लावला म्हणायचं! लालबागचं भारतमाता गिरणगावात मराठी चित्रपट लावत राहिलं, तेही याच करव्यवस्थेत.

जुनं सभागृह आतून राखणं अशक्य आहे, हे तर मुळीच ऐकून घेऊ नये. गिरगावच्या ऑपेरा हाउसचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जने केलं होतं. १९९३ मध्ये ते बंद पडलं. गोंडलच्या राजघराण्याने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडून त्याचा जीर्णोद्धार करून घेतला, तो सोनेरी सज्जे, छत आणि रंगमंचासकट. २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं. खर्च आणि वेळ दोन्ही लागले, पण सभागृह सभागृहच राहिलं.

तेव्हा मागणी साधी आहे. वारसायादीत थिएटरच्या नावापुढे सभागृह, बाल्कनी आणि पडदा यांचीही नोंद करा आणि त्यांना दर्शनी भिंतीइतकंच संरक्षण द्या. जो मालक अजून एकाच पडद्यावर रोजचे खेळ चालवतो, त्याला मालमत्ता करात सूट द्या. मल्टिप्लेक्सला सूट देताना सरकारचा हात आखडला नव्हता. सुरुवात रीगल आणि लिबर्टीपासून करा, आणि ती याच वर्षी.