मत दिलं, तोंड नाही दिलं

सकाळचे साडेदहा. वाशिमच्या बाजार समितीबाहेर सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग आणि आत हर्रास सुरू व्हायची वाट. चहाच्या टपरीवर पाच माणसं आणि विषय एकच, ट्रम्प. एक म्हणतो, माणूस खमक्या आहे, बोलतो ते करतो. दुसरा म्हणतो, त्यानं साऱ्या जगाचा बाजार उठवला. आवाज चढत गेले. बाकड्याच्या टोकाला एक काका बसले होते. तळहातावर सोयाबीनचे चार दाणे घेऊन ते एकेक दाताखाली फोडून बघत होते. कट्ट करून फुटला तर दाणा वाळला, चेपला तर ओला. आत यंत्र किती ओलावा दाखवणार, याचा अंदाज ते आधीच घेत होते. मान वर न करता ते म्हणाले, "राजेहो, त्या ट्रम्पले तुम्ही मत देलं का? नाही ना. मंग ज्याले देलं, त्याले काई इचारलं का कधी?"

टपरी गप्प झाली. त्या प्रश्नानं माझी पाठ काही सोडली नाही.

एक गोष्ट आधी सांगतो. अमेरिकेच्या राजकारणावर बोलणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं मी मानत नाही. वऱ्हाडाचा आणि अमेरिकेचा व्यवहार जुना आहे. 1861 साली तिकडे यादवी पेटली, दक्षिणेचा कापूस बंदरांत अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस आठवला. वऱ्हाडात पैसा आला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव धाडकन कोसळला. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो रेशनवर आली. तिच्या भाकरीची चव आजही घरातली म्हातारी माणसं सांगतात. वॉशिंग्टनमध्ये शिंक आली की वाशिममध्ये रुमाल शोधावा लागतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेलं आहे. तेव्हा बोलावंच, पण हिशेब मांडून बोलावं.

हा घ्या हिशेब. 2025 च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या बाजारात सोयाबीनचा भाव बुशेलला 10 डॉलरच्या आसपास होता. सोयाबीनचं एक बुशेल म्हणजे साधारण 27 किलो. डॉलर 87 रुपयांचा धरला तर क्विंटल पडतो जवळपास 3,200 रुपयांना. वाहतूक वेगळी. त्याच हंगामासाठी आपल्याकडचा हमीभाव होता 5,328 रुपये. तिकडे एकरी 14 क्विंटलच्या आसपास उत्पन्न निघतं, आपल्याकडे चार-पाच क्विंटल झाले की माणूस देवाला नारळ फोडतो. तिकडचं 90 टक्क्यांहून जास्त सोयाबीन जनुकीय बदल केलेल्या बियाण्याचं. आपल्याकडे त्या बियाण्याला परवानगी नाही. म्हणजे बांध घालणारं फक्त आयातशुल्क आणि सरकारचे नियम. तो बांध कुठे, किती फोडायचा, हे ज्या टेबलावर ठरतं, त्या टेबलाशी आपला संबंध आहे.

बांध फुटल्यावर काय होतं, तेही पाहिलंय आपण. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. कोंबडी खाद्यवाल्यांची ओरड झाली आणि सरकारनं 12 लाख टन जनुकीय सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 टक्के. बाकीची बहुतेक पेंड. पेंडीचा भाव बसला की दाण्याचा भाव बसतो. नवा माल घरात यायच्या तोंडावर भाव उतरला.

कपाशीवाल्यांची गोष्ट तर ताजी आहे. 2025 च्या 27 ऑगस्टला अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. तयार कपड्यांच्या कारखान्यांना आधार द्यायचा होता, हे मला समजतं. पण कारंजा, मानोरा, मंगरुळपीरकडची कपाशीची वेचणी नेमकी याच महिन्यांत असते. मार कारखान्याला बसला आणि मलम शेतकऱ्याच्या पाठीची साल काढून लावलं. हे कुणी ठरवलं? कुणाला विचारून ठरवलं? टपरीवर ट्रम्पचा कैवार घेणाऱ्यानं आणि ट्रम्पला शिव्या घालणाऱ्यानं, दोघांनीही हा प्रश्न विचारला नाही.

आता तिकडच्या शेतकऱ्याकडे बघा. अमेरिकेतल्या सोयाबीन पट्ट्यानं ट्रम्पना भरभरून मतं दिली. 2025 मध्ये चीनशी शुल्कयुद्ध पेटलं आणि चीननं अमेरिकेचं सोयाबीन घेणं थांबवलं. सप्टेंबर महिन्यात तर एक दाणा घेतला नाही. पण त्याच्या आधीच, ऑगस्टमध्ये, तिथल्या सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेनं थेट ट्रम्पना पत्र लिहिलं. आम्ही कड्याच्या टोकावर उभे आहोत, चीनशी करार करा, असा त्याचा अर्थ. ज्याला निवडून आणलं त्यालाच, त्याच्या नावानं, जगजाहीर. कुणी त्यांना देशद्रोही म्हटलं म्हणून ते थांबले नाहीत. आपल्या माणसाची पंचाईत होईल म्हणून त्यांनी जीभ चावली नाही. ऑक्टोबरअखेर ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले, चीननं पुन्हा खरेदी कबूल केली. डिसेंबरमध्ये शेतकऱ्यांसाठी 12 अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. पहिल्या शुल्कयुद्धात, 2018 मध्येही 12 अब्ज आणि 2019 मध्ये 16 अब्ज जाहीर झाले होते. तरीही तिथला शेतकरी म्हणत राहिला, मदत नको, बाजार द्या.

अमेरिकेची सगळीच तऱ्हा उचला, असं मी म्हणत नाही. त्यांच्याइतकी तिजोरी आपल्याकडे नाही. तिथले पुढारीही काही कमी नाहीत. 2025 च्या सुरुवातीला मतदारसंघांतल्या खुल्या सभांमध्ये लोकांनी सत्ताधारी खासदारांना धारेवर धरलं, तेव्हा पक्षातूनच सल्ला आला की अशा समोरासमोरच्या सभा घेऊ नका. पळणारा पुढारी वॉशिंग्टनचा असो की वाशिमचा, एकाच जातीचा. फरक लोकांत आहे. तिथले लोक सभेला गेले, उभे राहिले आणि आपल्याच माणसाला विचारलं. एवढी एक गोष्ट मात्र मला तिकडची हवी आहे.

आपण काय करतो? 2024 च्या विधानसभा प्रचारात सोयाबीनला एका बाजूनं सहा हजारांचा आकडा दिला, दुसऱ्या बाजूनं सात हजारांचा. दोन्ही आकड्यांना टाळ्या पडल्या. पुढच्या हंगामाचा हमीभाव 5,328 निघाला आणि तोही पदरात पडायला खरेदी केंद्रावर नंबर लागावा लागतो, ओलाव्याच्या परीक्षेत पास व्हावं लागतं. सत्तेतल्या पक्षाला मत देणारा म्हणतो, आपल्याच माणसाला कसं विचारायचं? विरोधातल्या पक्षाला मत देणारा म्हणतो, आमचं कोण ऐकणार? असे दोघेही गप्प बसले आणि माल मात्र मिळेल त्या भावात गेला. मत म्हणजे वचनाची उचल आहे. उचल घेतलेल्या माणसाकडे आपण कामाचा हिशेब मागतो की नाही? मग इथेच लाज कसली?

विचारायची जागाही आपल्याकडे आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या, असं कायदा सांगतो. कारणाशिवाय टाळल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. गणपूर्तीला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं, यांत जो आकडा कमी असेल तो पुरतो. पण तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पाच-सात जण बसतात, वहीत ठराव उतरतात, सह्या होतात आणि साऱ्या गावाच्या नावानं कागद वर जातो. टपरीवर अमेरिकेचा अध्यक्ष बदलणारी आपण माणसं त्या दिवशी शंभर पावलांवरच्या ग्रामपंचायतीत जात नाही. हे मला बोचतं.

म्हणून सांगणं एवढंच. पुढच्या ग्रामसभेला जा. उभं राहून एक ठराव मांडा: कपाशीची वेचणी आणि सोयाबीनची सोंगणी चालू असताना आयातशुल्क उतरवू नये, आणि अमेरिकेशी कुठलाही करार करताना सोयाबीन-कापसाबद्दल काय कबूल केलं, ते खासदारांनी गावाला मराठीत सांगावं. ठराव वहीत लिहून घ्या. नक्कल मागा. ती खासदारांना पाठवा, मग ते तुमच्या पक्षाचे असोत की नसोत. तुमच्या पक्षाचे असतील तर आधी पाठवा, कारण तुमच्या मताचं ओझं त्यांच्या खांद्यावर आहे. एका गावाच्या कागदानं दिल्ली हलत नाही, हे मलाही कळतं. पण गावागावांतून एकच मजकूर गेला, तर आपल्या जिल्ह्यात सोयाबीन पिकवणारी माणसं राहतात आणि ती बोलतात, हे नोंदीवर येईल. आज ते नोंदीवर नाही.

त्या दिवशी हर्रास झाला. काकांच्या ढिगाला हमीभावाच्या खाली बोली लागली. त्यांनी काटा करून घेतला, पट्टी घडी घालून खिशात ठेवली. मी विचारलं, "काका, तुम्ही इचारलं का कोणाले?"

ते क्षणभर थांबले. म्हणाले, "नाही. म्याही नाही इचारलं." मग पट्टी पुन्हा खिशातून काढली, उलगडली आणि भावाच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "पण हे कागद ग्रामसभेत घेऊन जातो यंदा."