केबलभाऊ

इंग्लंडातल्या कुठल्याही मराठी मंडळात एक केबलभाऊ असतोच. राहतो स्लाऊ, रेडिंग नाहीतर हाऊन्सलोला, नोकरी आयटीत. गणपतीच्या आराशीतली दिव्यांची माळ पेटेनाशी झाली की वर्गणी न विचारता आधी त्यालाच बोलावतात.

त्याच्या घरी जेवायला गेलं की पानं वाढेपर्यंत वरच्या खोलीत कॉम्प्युटरचं दर्शन घ्यावं लागतं. कॅबिनेटची एक बाजू काचेची. आत मदरबोर्डची 24 पिनांची केबल, प्रोसेसरची 8 पिनांची, ग्राफिक्स कार्डाची निराळी. एकेका तारेवर जांभळं-पांढरं विणीचं वेष्टण, आणि तारा फिसकटू नयेत म्हणून जागोजागी प्लास्टिकच्या फण्या. लेकीच्या वेणीवर बापाने एवढी मेहनत घेतलेली नाही. ‘‘जिन्यातला दिवा होळीपासून गेलाय,’’ वहिनी खालून ऐकवतात. भाऊंना ऐकू येत नाही. ते पंख्याचा वेग वाढवतात.

पण सुरक्षिततेत गडी पक्का. कुणी पॉवर सप्लाय बदलून जुन्याच केबली लावतोय असं कळलं तर हातातली वाटी खाली ठेवतो. ‘‘अरे, मदरबोर्डकडचं टोक सगळ्यांचं सारखं. पण सप्लायकडच्या टोकाला कंपनीगणिक पिनांचा क्रम वेगळा! खाचेत बसते झकास, आणि 5 व्होल्टच्या जागी 12 गेले की हार्ड डिस्क खलास.’’ इथे तो शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्याच्याशी वाद घालणं अवघड होतं ते त्यामुळेच.

शोभेची एक्स्टेंशनं जोडणाऱ्यांशी तो बोलतो, पण बेताने. मूळ केबल तशीच राहते म्हणून धोका कमी, हे मान्य. पण एक सांधा वाढला ना!

2022 साली महागड्या ग्राफिक्स कार्डांचे नवे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून तो टॉर्च घेऊनच फिरतो. प्लग शेवटपर्यंत बसलाय का, तोंडाशीच तार वाकवली नाही ना, हे बघायला. ‘‘600 वॅट, 12 व्होल्ट. भाग दे. 50 अँपिअर! भिंतीकडच्या प्लगात फ्यूज आहे तो 13चा, आणि तो या तारांना वाचवायला नाही.’’ त्या प्लगावर मात्र त्याचा फार जीव. इंग्रजांनी 1947 साली दोन कामं चोख केली, असं तो दर पंधरा ऑगस्टला सांगतो: एक, आपला देश सोडला, दुसरं, प्लगातच फ्यूज घालणारं बीएस 1363 हे मानक काढलं.

परवा कुणाच्या तरी पोराने विचारलं, ‘‘काका, ह्या सगळ्या वायरी मागे कुठे जातात?’’ आणि कॅबिनेटच्या दुसऱ्या, पत्र्याच्या बाजूला हात घातला. पत्रा जरा फुगलेलाच होता.

केबलभाऊंनी स्क्रूड्रायव्हर शांतपणे खिशात टाकला. ‘‘ती बाजू उघडायची नसते, बाळा. वॉरंटी जाते. चल, पानं घेतली.’’