ठिपक्याचं गणित

महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवर, सूर्य मावळायच्या जरा आधी, मी सासरच्या गोतावळ्याचा फोटो काढला आणि मेहुण्यांच्या पोटावर हिरवा ठिपका आला. वाटाण्याएवढा, ठसठशीत. "थांबा दाजी, पोट आत घेतो," मेहुणे म्हणाले. पोट आत गेलं, ठिपका तिथंच. "सूर्यनारायणाचा आशीर्वाद तो," आतेसासूबाईंनी निकाल दिला.

खरा घोटाळा भिंगांचा. फोनच्या एवढ्याशा डोळ्यात पाच-सहा भिंगं एकामागं एक बसवलेली. भिंगाच्या उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश माघारी फिरतो, मागच्यावर आपटून पुन्हा पुढं येतो. भरल्या एसटीत दारातून आत आणि आतून दारात ढकलल्या जाणाऱ्या उतारूसारखा. १९३५ साली जर्मनीत झाईसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर पातळ थर चढवून ही ये-जा पुष्कळ कमी केली. पण समोर साक्षात सूर्य म्हटल्यावर उरलंसुरलंही एका पोटाला पुरतं.

भिंगावर हाताची सावली धरायची युक्ती जुनी आहे, पण ती सूर्य चौकटीबाहेर असेल तेव्हाची. इथं सूर्यच हवा होता. त्यामुळं फोटोत माझा पंजा आला, निवडणूक चिन्हासारखा. मग सूर्य सासरेबुवांच्या डोक्याआड लपवला. ठिपका गेला, पण टकलाभोवती असं तेजोवलय उगवलं की आतेसासूबाईंनी हात जोडले. चेहरा मात्र तव्याच्या बुडासारखा काळा. शेवटी मेव्हणीनं फोन हिसकावून भिंग पदरानं पुसलं. "दाजी, मघाशी कणीस कुठल्या हातानं खाल्लंत?" फोटोवरचं धुरकट सावट एकदम गेलं. ठिपका उलट जास्तच चमकू लागला.

तेव्हा मला त्याची शिस्त कळली. सूर्य चौकटीत वर डावीकडे असेल, तर ठिपका खाली उजवीकडे, मध्यापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर. म्हणजे फोन किंचित हलवला की ठिपका कुणाच्या अंगावर सोडायचा, हे आपल्या हातात! ज्या घरात पंचवीस वर्षांत पंख्याचा वेग ठरवायचीही मुभा मिळाली नाही, तिथं एवढी सत्ता. मी तो धाकट्या साडूंच्या नव्या गॉगलवर सोडला, तिथून मेहुण्यांच्या पोटावर परत आणला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कौतुकाच्या हावेपोटी मी सगळं गणित मेहुण्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं.

"दाजी, तुमचा एकही फोटो नाही. द्या इकडं." जावयाचा मान म्हणून मला पुढं, खाली बसवलं. मेहुणे बराच वेळ फोन इंचाइंचानं सरकवत होते. मला वाटलं, माणूस मनापासून काढतोय.

तो फोटो आता सासरच्या दिवाणखान्यात लावलाय, चांगला दीड फुटी. बाकी कुणाला धक्का नाही. ठिपका बरोबर माझ्या नाकाच्या शेंड्यावर.