मूळ क्रमाने पाहिलंय का?

विज्ञानपट हा बघायचा प्रकार नसून तपासायचा प्रकार आहे, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. परवा टीव्हीवर 'कोई... मिल गया' लागला होता. २००३चा. परग्रहावरून आलेला जादू उन्हातून शक्ती घेतो, हे पाहून मुक्कामाला आलेल्या सासूबाईंचे डोळे पाणावले आणि माझं डोकं उठलं. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्यांना ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकूनही घेतला. मग म्हणाल्या, "बरं, आता आवाज सोडा. निघाला बघा तो."

हिंदी सिनेमात विज्ञान नाही, हे माझं ठाम मत आहे. 'मिस्टर इंडिया' (१९८७) घ्या. माणूस अदृश्य झाला म्हणजे प्रकाश त्याच्या डोळ्यांतूनही आरपार जाणार. मग त्याला स्वतःला दिसणार कसं? तो तर मोगॅम्बोच्या अड्ड्यात न धडपडता हिंडतो. एवढी साधी गोष्ट!

याउलट 'स्टार वॉर्स'. तिथे निर्वात पोकळीत यान फुटलं की अख्खं थिएटर हादरतं, तलवारीतला प्रकाश हातभर जाऊन शिस्तीत थांबतो, आणि हे सगळं मला चालतं. कारण ती पुराणकथा आहे आणि पुराणकथेला भौतिकशास्त्र लावायचं नसतं. (मग त्या जादूलाच का लावता, असं सासूबाईंनी विचारलं. त्यांचा या विषयातला अभ्यास कमी पडतो.)

तरीही एका प्रश्नाने आम्हा चाहत्यांची झोप उडवली होती. १९७७च्या पहिल्या चित्रपटात हान सोलो फुशारकी मारतो, की आपल्या यानाने केसेलची फेरी बारा पार्सेकच्या आत मारली. पार्सेक हे अंतराचं माप आहे, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षांचं. वेगाची बढाई अंतरात मारणाऱ्याला शाळेत अंगठे धरून उभं केलं असतं. पण आम्ही त्या वाक्याला चूक म्हणू दिलं नाही. वाद घातले, आकृत्या काढल्या, मैत्र्या तोडल्या आणि सिद्ध केलं, की हानने जीव मुठीत धरून धोक्याच्या आडवाटेने यान काढलं म्हणून अंतरच कमी भरलं. अखेर २०१८च्या 'सोलो'मध्ये सिनेमावाल्यांनीही तसंच दाखवलं. एकेचाळीस वर्षांचा लढा!

हे मी सासऱ्यांना सांगितलं. सासरे एस.टी.त ड्रायव्हर होते. अडकित्ता खाली न ठेवता ते म्हणाले, "त्यात काय एवढं, जावईबापू? आमच्या डेपोतबी गाडी कुठनं काढली त्याचीच बढाई मारायचे. टाइम काय, तो कागदावर असतोच."

मला राग आला. असल्या उडत्या मतांना आम्हा लोकांत एकच उत्तर असतं : तुम्ही मूळ क्रमाने पाहिलंय का? नव्हतंच पाहिलेलं. मग क्रम सांगितला. आधी चौथा, पाचवा, सहावा, म्हणजे १९७७, १९८० आणि १९८३. मग सोळा वर्षं थांबून पहिला. "म्हंजे पोराची गोष्ट आधी आन् बापाची मागनं?" सासरे म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

शिवाय मूळ क्रम पुरत नाही, मूळ आवृत्तीही लागते. १९९७ साली जॉर्ज लुकास यांनी आपलाच जुना चित्रपट दुरुस्त करून पुन्हा लावला आणि त्यात ग्रीडो हानवर आधी गोळी झाडतो असं घुसडलं. मुळात हानच आधी झाडतो. दिग्दर्शक झाला म्हणून स्वतःच्या सिनेमात ढवळाढवळ करायचा अधिकार त्यांना कुणी दिला? २००४ साली तो प्रसंग पुन्हा बदलला, २०१९ साली पुन्हा. आम्ही दर वेळी कडकडीत निषेध केला आणि दर वेळी नवी आवृत्ती पैसे मोजून घेतली. निषेध करायचा तर पुरावा हाताशी नको?

"मराठीत नाही का हो असलं काही?" सासूबाईंनी विचारलं. आहे, आणि त्यावरही माझं मत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. जगताप म्हणजे निघाले जयंत विष्णू नारळीकर! नावाचा दबाव पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून हे नाव घेतलं होतं. आता फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडलेला माणूस कथा लिहायला बसला, तर त्यात खरोखरचं विज्ञान येणार. मग चाहत्याने करायचं काय? चूक सापडेना, क्रमाचा घोळ नाही, बदललेली आवृत्ती नाही. मी दहा पानांत पुस्तक मिटलं.

ते आता सासरे वाचताहेत. त्यांना आवडतंय म्हणे. वाचून झालं की त्यांना काय कळलेलं नाही, ते मी त्यांना समजावून सांगणार आहे.