आधी बाटली सरळ ठेवा

डिचोलीच्या बाजारातल्या बारमध्ये बसलेला माणूस गावचा की बाहेरचा, हे ओळखायला त्याची बोली ऐकावी लागत नाही. बिअर टेबलावर आली की तो पहिल्यांदा काय करतो एवढं पाहायचं. गावचा माणूस बाटलीला नुसता हात लावतो, थंडावा पारखतो आणि मान हलवतो. बाहेरचा माणूस पाण्याचा ग्लास मागवतो.

हा ग्लास प्यायचा नसतो. टोपण काढून बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, बाटली उलटी करून तिची मान पाण्यात बुडवायची, अंगठा अलगद सरकवायचा आणि डोळे बारीक करून बघत बसायचं. बाटलीतून तेलकट दिसणारी एक धार पाण्यात उतरते आणि तळाशी जाऊन पसरते. मग शेजारच्याला कोपरखळी मारून विजयी सुरात सांगायचं, ‘‘बघ, ग्लिसरीन!’’ आमचे पुण्याचे मेव्हणे हा विधी इतक्या एकाग्रतेने करतात की पाहणाऱ्याने पायातल्या चपला काढाव्यात. घरच्या सत्यनारायणाला हेच गृहस्थ तिसऱ्या अध्यायापासून मोबाइलमध्ये असतात.

त्या धारेत ग्लिसरीन नसतं, बिअरच असते. आंबवण झाल्यावरही बिअरमध्ये थोडे न आंबणारे पिष्टांश शिल्लक राहतात, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. जड बिअर खाली उतरते, हलकं पाणी वर बाटलीत चढतं. यीस्ट आंबवताना स्वतः चिमूटभर ग्लिसरीन तयार करतं हे खरं, पण ते सगळ्या बिअरभर विरघळलेलं असतं, बाटली उलटी केली म्हणून निथळून जात नाही. म्हणजे या विधीचं फळ एवढंच, की आपण पदरचे पैसे मोजून घेतलेल्या बिअरमध्ये जगमधलं पाणी मिसळतो. दूधवाल्याने हेच केलं तर आपण त्याच्या सात पिढ्या उद्धरतो. एकदा मेव्हण्यांचा हा प्रयोग चालू असताना बारमालक गल्ल्यावरून शांतपणे म्हणाला, ‘‘पात्रांव, उदक भितर गेलें.’’ मेव्हण्यांनी ते कौतुक समजून त्याला हात केला.

हे सगळं कुठून येतं याचा मी बराच विचार केला आहे. (दुपारी बारमध्ये बसलं की विचाराला वेळ मिळतो.) माझं मत असं, की सीमेपलीकडच्या आपल्या माणसाला बिअरवर विश्वासच नाही. कसा असावा? मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा आला १९४९ मध्ये. त्याच कायद्याच्या वंशातल्या नियमांप्रमाणे महाराष्ट्रात आजही पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. बिअरला वयाची एकवीस वर्षं, कडक दारूला पंचवीस. गोव्यात अठरा. पत्रादेवीचा नाका ओलांडला की माणूस एका क्षणात तीन वर्षांनी मोठा होतो. पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट औषधासारखी परवान्यावर मिळाली, ती माणूस औषधासारखीच पिणार: नाक दाबून, झटपट, आणि आत काय भेसळ आहे याची शंका घेत. एकोणीसशे पन्नासच्या दशकात इकडे पोर्तुगीज आणि तिकडे दारूबंदी, तेव्हा या सीमेवरून रात्री बाटल्या चालत जायच्या. आता दिवसा माणसं चालत येतात एवढाच फरक.

पण आम्ही तरी काय मोठे लागून गेलो? पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. सासष्टी-बार्देशपेक्षा खूप उशिरा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांच्या हाती आले. त्यामुळे इथलं पिणं गोव्याचं आणि संकोच कोकणातला. सासष्टीचा माणूस रस्त्याकडे तोंड करून पितो. आमच्याकडे बारला आत एक खोली लागते आणि त्या खोलीला पडदा. सोमवारी नाही, कुणाचा गुरुवारी नाही, श्रावणात तर अजिबात नाही. जून-जुलैत मासेमारीची बंदी, पाठोपाठ श्रावण, मग चतुर्थी. पावसाळाभर बारमालक दारात बसून पागोळ्या बघतो. श्रावणातही येणारे येतात म्हणा. पण ते पडद्याआड बसतात आणि बरोबर फक्त चणे मागवतात, म्हणजे व्रत निम्मं तरी राहिलं.

आता थंडपणाचा मुद्दा. हा मोठा आहे.

जाणकार सांगतात की बिअर अति थंड पिऊ नये, जीभ बधिर होते, माल्टचा गोडवा आणि हॉप्सचा कडवटपणा दोन्ही कळत नाहीत. हलकी लागर पाच-सहा अंशांवर, दाट आणि कडक बिअर दहा-बारावर. हे शास्त्र बरोबरच आहे. फक्त ते ज्यांनी लिहिलं त्यांना मे महिन्यात दुपारी दोन वाजता पेडण्याच्या बाजारात उभं करून मग विचारावं. बाहेर घाम निथळतोय, डोक्यावरचा पंखा गरम हवा वाटतोय, अशा वेळी माल्टचा गोडवा कोण शोधतो? तेव्हा गिऱ्हाईक एवढंच विचारतं, ‘‘थंड आसा?’’ आणि ‘‘आसा’’ या उत्तरातला आत्मविश्वास पाहून ते बसायचं की पुढे जायचं ते ठरवतं. उन्हाळ्यात पहिला घोट हा चवीचा नसतोच, तो सुटकेचा. चव दुसऱ्या घोटापासून सुरू होते.

म्हणून माझा उपाय पाइंटचा. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची, पाइंट ३३० चा. दोन माणसांत एक मोठी घेतली तर ठीक, एकट्याने घेतली तर शेवटचा तिसरा हिस्सा पेजेसारखा कोमट होतो आणि तो पैसे वसूल करायचे म्हणून संपवावा लागतो. पाइंट संपेपर्यंत थंड राहतो. दर हिशेबाने महाग पडतो हे मेव्हण्यांनी मला कागदावर मांडून दाखवलं आहे. त्यांचा दुसरा हिशेब स्ट्राँग बिअरचा: माइल्डमध्ये मद्यांश पाच टक्क्यांच्या आत, स्ट्राँगमध्ये आठपर्यंत, किमतीत फरक किरकोळ, तर मग शहाण्याने कोणती घ्यावी? देशभरातल्या बहुसंख्य गिऱ्हाइकांनी या प्रश्नाचं उत्तर मेव्हण्यांसारखंच दिलंय, स्ट्राँगचाच खप जास्त आहे. माझं म्हणणं, टक्के मोजून प्यायची तर काजूची फेणी बेचाळीसच्या वर आहे, बिअरच्या वाटेला जायचंच कशाला?

आवडती बिअर कोणती, असं मला कुणी विचारलं की मी थोडा आढेवेढे घेतो. आमच्या पिढीच्या तोंडी किंग्ज होती. गोव्याची पिल्सनर, हलकी, किंचित गोडसर, आणि मुख्य म्हणजे गोव्याबाहेर सहजी न मिळणारी, त्यामुळे पाहुण्यांपुढे मिरवायला बरी. पुढे सगळीकडे खंड्या आला. लेबलवरचा हा पक्षी आमच्या खाजन शेतांवरच्या तारेवर रोज फुकट बसलेला असतो, तरी लोक त्याच्या बाटलीचे पैसे देतात. त्याला मी नावं ठेवणार नाही, तहान भागवायला तो प्रामाणिक आहे.

आणि मग गेल्या काही वर्षांत कौतुकाची गोष्ट घडली. डिचोली तालुक्यात, दोडामार्गच्या वाटेवर लाटंबार्से नावाचं गाव आहे. काजूच्या टेकड्या, शेतं, देवळं, चारचौघांसारखं गाव. या गावाचं नाव लावून एक ब्रुअरी उभी राहिली आणि तिने ‘माका दी’ नावाची बिअर बाजारात आणली. नाव अस्सल कोंकणी, आणि पुढच्या वाणांची नावं थेट बेल्जियम-बव्हेरियाची. लाटंबार्शातला माणूस बेल्जियन ब्लांश मागवतो आहे हे दृश्य आमच्या आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी नारळ उतरवून टाकला असता.

ही ब्लांश म्हणजे गव्हाची गढूळ, पांढुरकी बिअर. बेल्जियमच्या रीतीत तिच्यात धने आणि संत्र्याची साल पडते. मी पहिला घोट घेतला तेव्हा घरच्या मसाल्याच्या डब्याची आठवण झाली ती उगाच नाही. तिचा गढूळपणा हा दोष नव्हे. शेवटचा थोडा भाग ओतण्याआधी बाटली हलकेच गोल फिरवायची, तळाशी बसलेला साका उठतो, तोही ग्लासात घ्यायचा. मेव्हण्यांनी तो साका पाहून बाटली परत करायला निघालेलं मी पाहिलं आहे. त्याच घरातली ट्रिपेल ही मात्र कडक जात, तिला पाइंटच्या घाईने पिऊ नये, संध्याकाळ अख्खी द्यावी. अंगाला जपणाऱ्याने मधाची एल घ्यावी. तिकडे सांगोल्ड्याच्या एका ब्रुअरीने आपल्या इंडिया पेल एलला हणजुण्याच्या ‘एट फिंगर एडी’चं नाव दिलं, साठच्या दशकात आलेल्या त्या आद्य हिप्पीचं. ही एल म्हणजे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या आपल्या लोकांसाठी हॉप्स सढळ घालून जहाजांतून पाठवलेल्या बिअरची पणती. कडू आहे. कारल्याची भाजी आवडणाऱ्यांना रुचेल, इतरांनी वाटेला जाऊ नये.

पण फेब्रुवारी लागला की या सगळ्या बिअरी, देशी-विदेशी, कोपऱ्यात सरतात. काजूची बोंडं पडायला लागतात, डोंगरात भाट्या पेटतात आणि उर्राक येतो. बोंडं चिरडून काढलेला रस आंबवून पहिल्या वाफेचा जो निघतो तो उर्राक, पुन्हा एकदा भाटीवर चढवला की फेणी. उर्राक पंधरा टक्क्यांच्या आसपास, टिकत नाही, मे संपता संपता तोही संपतो. लिम्का, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो पितात. या तीन-चार महिन्यांत पेडण्यात बिअर मागवणारा एक तर पर्यटक असतो किंवा डॉक्टरांकडून आलेला. मीही तेव्हा बिअरशी बेइमानी करतो. जून उजाडला की मुकाट परत येतो.

बिअरबरोबर काय खावं याबद्दल आमच्याकडे दुमत नाही, फक्त वाद आहेत. माझा कौल किसमुराला. सुकी सुंगटं कोरडी भाजायची, कुरकुरीत झाली की हाताने जरा चुरडायची, त्यात ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची आणि आंबटाला सोल किंवा लिंबू. हे आयत्या वेळी कालवायचं, पाच मिनिटं थांबलं की मऊ पडतं. चिमटीने खायचं. खारट, तिखट, आंबट असं एकदम लागतं आणि त्यावर बिअरचा घोट गेला की जीभ धुऊन निघते, पुन्हा नव्या चिमटीला तयार. तिसऱ्यांचं सुकं चालेल, मांसाबरोबर शिंपले काढत बसायला वेळ जातो म्हणून तर फारच चालेल. काजूगर तळून नकोत. आमच्या डोंगरातले असले तरी पोट भरतात आणि बिअर मागे राहते.

ओतण्याचंही थोडं आहे. ग्लास स्वच्छ हवा, तेलाचा किंवा साबणाचा हात लागलेला नको, नाहीतर फेस उभा राहत नाही, आणि फेसाला आपले लोक ‘नुसती हवा’ म्हणून फुंकतात तरी वास धरून ठेवणारा तोच असतो. ग्लास तिरका धरून निम्मा भरायचा, मग सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्यायचा. बाटल्या उन्हात मांडून ठेवणाऱ्या शॅकमध्ये बसू नये. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की ती फुटतात आणि बिअरला उग्र, गंधकासारखा वास येतो. तपकिरी काच बराचसा उजेड अडवते, हिरवी कमी, पारदर्शक काहीच नाही. आश्वे-मांद्र्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघत प्यायची हौस असेल तर बाटली तरी सावलीत ठेवायला सांगा.

सोबत कोण असावं? माझा अनुभव, चौघांत एक न पिणारा हवाच. आमच्यात एक मित्र साखळीच्या विठ्ठलापूरच्या देवळात भजनाला जाणारा, गळ्यात तुळशीची माळ. तो सोडा-लिंबू घेऊन बसतो, आमच्या किसमुराकडे बघतही नाही, चणे खातो. त्याच्यामुळे दोन गोष्टी साधतात. कोण तेच ते किती वेळा बोललं याचा खरा हिशेब त्याच्याकडे असतो, आणि घरी गाडी तोच आणतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीतले कितीतरी ट्रक जागच्या जागी थांबले आणि रस्त्याकडेच्या बारांतल्या दुपारीही ओस पडल्या. त्या दिवसांत कामाविना बसलेल्या माणसांशी तासन्‌तास बोलायला हाच माळकरी एकटा जात असे. पिणाऱ्यांना वेळ नव्हता.

तर येणाऱ्या पाहुण्यांना विनंती एवढीच. यायचं तर सकाळी अकराला या, साडेचारची गाडी डोक्यात ठेवून येऊ नका. बाटली सरळ ठेवा, पाण्याचा ग्लास पाण्यासाठीच मागवा. रिकाम्या बाटल्या बारमध्येच ठेवा, तिथून त्या धुऊन पुन्हा भरायला जातात. डोंगरात फोडल्या तर काचा गुरांच्या पायात जातात आणि किनाऱ्यावर उघड्यावर पिताना सापडलात तर दंड आहे. सोबत माळकरी नसेल तर नाक्यावर पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवाला पायलट उभा असतो, त्याला सांगा, तो सोडतो. आणि परतीच्या वाटेवर डिकीत चार बाटल्या टाकायचा मोह झालाच, तर बांद्याजवळ इन्सुलीला महाराष्ट्राच्या अबकारी खात्याचा नाका आहे आणि तिथे गाड्या उघडून बघतात.