निसटलेला मासा कसा मिळवावा : नवशिक्यांसाठी

उपनगरात राहून मोठा मासा पकडणं कठीण आहे. मोठा मासा निसटणं मात्र अंधेरीपासून मुलुंडपर्यंत कुणालाही परवडतं, फक्त ते रीतसर शिकायला हवं. पवईच्या काठावर बसून हौशी गळवाल्यांनी ही विद्या पिढ्यान् पिढ्या जपली आहे. तिचे प्राथमिक धडे असे :

१. तलाव पवईचाच घ्या. विहार आणि तुळशीचं पाणी आपल्या नळाला येतं, त्यामुळे तिथे तुम्हाला कुणी फिरकू देणार नाही. पवईचा तलाव १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधला आणि पुढे पाणी पिण्यालायक नाही म्हणून बाद झाला. म्हणजे अपेक्षाभंगाची परंपरा जागेतच आहे. पाणी गढूळ आणि वर जलपर्णी, खालचं काही दिसत नाही. शेजारच्याला दिसलं नाही ते तुम्हाला दिसायला कुणाची हरकत? महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही इथली जुनी संस्था. परवानगी काढूनच बसा. थाप मारायची असली तरी कागदपत्रं चोख असावीत.

२. मासा विचारपूर्वक निवडा. रोहू मध्यम पाण्यात फिरतो, मृगळ तळाशी चरतो. ‘मृगळानं वर येऊन माझ्याकडे पाहिलं’ असं म्हणालात तर जाणकार माणूस चहाचा कप खाली ठेवतो. कटला उत्तम. डोकं अवाढव्य, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, आणि खातोही पृष्ठभागाजवळ. त्यामुळे ‘एवढं तोंड दाखवलं आणि गेला’ हे वाक्य शास्त्राला धरून होतं.

समुद्रातला घोळ चुकूनही घेऊ नका. २०२१च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या बोटीला दीडशेच्या वर घोळ मिळाले आणि १ कोटी ३३ लाखांना गेले, हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय. घोळ सुटला म्हणालात तर कुणी हळहळणार नाही. त्याच्या पोटातल्या पिशवीचे, म्हणजे बोताचे, किती आले असते, याचा हिशेब मांडतील आणि तुम्हाला मूर्ख ठरवतील.

३. वजन. इथे बहुतेक नवशिके घाबरतात. घाबरू नका, तुम्ही मुंबईत घर घेतलंय. माशालाही कार्पेट आणि सुपर बिल्टअप असतं. दोरीला जाणवला तो कार्पेट. त्यात पाण्याचा उसळलेला फवारा, शेपटीचा फटका आणि तुमचं दडपण मिळवा, की झाला सुपर बिल्टअप. कटला ३८ किलोपर्यंत वाढल्याची नोंद आहे, तेव्हा पंचविसावर थांबणं हा विनय समजला जाईल.

मासा काठावर मात्र आणू नका. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या डी वेट यांनी १९४६ साली काबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर पकडला. पकडला तो पकडला, वर वजनही केलं. तो मासा आजही १२० पौंडांचाच आहे. इतक्या वर्षांत छटाकभर वाढला नाही बिचारा.

४. पुरावा हवाच. आदल्या रात्री नायलॉनची दोरी डाव्या तर्जनीच्या दुसऱ्या पेराला घट्ट गुंडाळा आणि दहा मिनिटं टीव्ही बघा. जी बारीक लाल रेघ उमटते ती दुसऱ्या दिवशी कुणी विचारल्याशिवाय दाखवायची नाही. चहा घेताना बोट जरा ताठ ठेवा आणि कप उजव्या हातात घ्या. ‘काय झालं हो?’ हा प्रश्न आला की, ‘काही नाही, दोरीनं कापलं.’ बस्स. पुढचं आपोआप वाढतं.

५. निसटण्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. दोरी जलपर्णीत अडकली, गळ सरळ झाला, शेजाऱ्याचा फोन वाजला. यातलं काहीही चालतं.

६. लांबी सांगायची की वजन, ते वाहन बघून ठरवा. सकाळच्या बोरिवली लोकलमध्ये हात पसरायला जागा नसते, तिथे किलोतच बोला. मेट्रो मात्र आदर्श. वर्सोवा ते घाटकोपर बारा स्टेशनं आहेत. डी. एन. नगरला मासा गळाला लावा आणि साकीनाक्यापर्यंत झुंज टिकवा. घाटकोपरला दार उघडायच्या आत तो सुटलाच पाहिजे, नाहीतर ऐकणारा सेंट्रलची गाडी पकडायला पळेल आणि मासा तुमच्या गळ्यात राहील.

७. रिकाम्या हातानं घरी जायची लाज वाटून बाजारातून मासा नेऊ नका. एका गृहस्थांनी पवईहून परतताना पिशवीतून सरंगा काढला. घरी सासूबाई वर्सोव्याच्या. त्यांनी कल्ला उचलून पाहिला आणि विचारलं, ‘जावईबापू, पवईला भरती कधी आली?’

८. श्रावणात सराव चालू ठेवा. जून-जुलैत समुद्रात मासेमारीबंदी असते, मागोमाग श्रावण येतो. घरोघरी लोक माशाला आसुसलेले असतात, तेव्हा तुमचा कटला दुप्पट खपतो. निसटलेला मासा उपासालाही चालतो.

९. साक्षीदार म्हणून सोबत नेलेल्या मित्राचा चहा-वडापाव आयुष्यभर तुमच्याकडे. त्याच्याही माशाला मान डोलवा, आणि तुमच्यापेक्षा दोन किलो जास्त सांगितले तरी चेहरा बदलू देऊ नका.

आता जा आणि बसा. वर जे सांगितलं त्यातलं हवं तेवढं फुगवा, फक्त एक सोडून : पवईच्या तलावात मगरी खरोखरच आहेत. पाण्यात पाय सोडून बसू नका.